भेसळ नव्हे, डाख

आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या बैठकीत दर वर्षी तीनच विषय असतात: वर्गणी, ढोल-ताशा किती वाजता बंद करायचा, आणि आरास. यंदा पहिले दोन अर्ध्या तासात आटोपले आणि तिसऱ्यावर रात्रीचे साडेअकरा वाजले. बी विंगमधली एक मुलगी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने आराशीसाठी एक चित्र काढून आणलं होतं. मागे देवगिरीचा किल्ला, झाडाखाली जनार्दनस्वामी, त्यांच्या आडोशाला उभा पोरसवदा एकनाथ, आणि समोर मलंगाच्या वेषातला दत्त. शेजारी एक कुत्री. मलंगाच्या हातात मातीचं भांडं, त्यात भाकरीचे तुकडे. मला सगळ्यांत आवडला तो एकनाथाचा डावा पाय. तो मागे सरकायच्या बेतात होता आणि सरकत नव्हता.

चित्र टेबलावरून फिरलं. दर वर्षी गुरुचरित्राचं पारायण करणारे एक निवृत्त काका आमच्याकडे आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून चित्र जवळून पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या दत्ताला फकीर करू नका." त्यावर आयटीत काम करणारा एक तरुण हसला. काकांची बाजू घ्यायची त्याला मुळीच हौस नव्हती. "काका, तो प्रश्नच नाही हो. पण हे भाई-भाई छाप कॅलेंडर आता बघतं कोण? शाळेच्या स्नेहसंमेलनात शोभेल." शेवटी सेक्रेटरींनी तोडगा काढला. पुठ्ठ्याची चार मोठी वर्तुळं करायची. एकात ॐ, एकात चंद्रकोर, एकात क्रूस, एकात खंडा. मधोमध गणपती, आणि खाली 'विविधतेत एकता'. ठराव एकमताने मंजूर झाला, असं इतिवृत्तात आहे. माझा हात खालीच होता, पण खालचे हात कोण मोजतं?

मी तेव्हापासून धुमसतोय. काकांवर आणि तरुणावर सारखाच.

दोघांना वाटतं आपण एकमेकांच्या विरुद्ध टोकाला आहोत. पण मत एकच आहे, तोंडं दोन. ते मत असं: वेगवेगळ्या देवांना, पंथांना, धर्मांना एका मूर्तीत, एका चित्रात, एका गाण्यात आणणारी भक्तीची कला मुळातच खोटी असते. ती परंपरेतून आलेली नसते. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी गोडबोलेपणाची ती पैदास. ती शुद्ध भक्तीत पाणी घालते. ती नेहमी एकाच बाजूने होते. मोठं मन आमचं, फायदा त्यांचा. कला म्हणून ती सुमार असते. आणि इतकं करून तिने आजवर एकही दंगल थांबवलेली नाही. पहिले तीन मुद्दे काकांचे, चौथा तरुणाचा, पाचवा दोघांच्या भागीदारीतला. एकेक घेऊ.

परंपरेत नव्हतं म्हणे. मलंगाच्या वेषातल्या दत्ताची गोष्ट त्या मुलीने लॅपटॉपवर बसून रचली की काय? ताहराबादच्या महिपतीबुवांनी अठराव्या शतकात संतांची चरित्रं ओवीबद्ध केली, तेव्हा असल्या गोष्टी लोकांच्या तोंडी मुरलेल्या होत्या. देवगिरीचे जनार्दनस्वामी शिष्याला दत्ताच्या दर्शनाला नेतात. येतो तो मलंग. कुत्रीचं दूध काढतो, त्यात भाकरी कुस्करतो आणि जेवायला बोलावतो. पैठणच्या ब्राह्मणाच्या पोराने त्या भांड्यात हात घालायचा, ही परीक्षा. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले सूफी वाटेवरचे होते, असं सांगणारी एक धारा आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद, 'योगसंग्राम' लिहिणारे, तेही त्याच धारेतले. रा. चिं. ढेऱ्यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं, ते मंत्रालयातून परिपत्रक आलं म्हणून?

आणि काका, तुम्ही तर गुरुचरित्र वाचता. नवव्या अध्यायातला रजक पन्नासाव्या अध्यायात बिदरचा यवन राजा होऊन येतो, मांडीवरचा फोड घेऊन गुरूंच्या पायाशी पोहोचतो, आणि गुरू त्याला ओळखतात. ही पानं पारायणात तुम्ही उलटून जाता का? त्याहून सोपं विचारतो. तुमच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या वर साईबाबांचा फोटो आहे. मी चहा प्यायला येतो तेव्हा त्याच्यासमोरच बसतो. अंगात कफनी, डोक्याला फडकं, मुक्काम मशिदीत. त्या मशिदीचं नाव द्वारकामाई. साईबाबा म्हणजे दत्ताचा अवतार, हे तुम्हीच मला दहा वेळा सांगितलंय. म्हणजे दत्ताने शिर्डीत फकीर झालेलं चालतं, देवगिरीवर झालेलं चालत नाही? मधल्या तीन-साडेतीनशे वर्षांत दत्ताने कोणाची परवानगी काढली?

यावर काकांच्या गोटातून एक उत्तर नेहमी येतं, आणि ते हुशार आहे. हरी-हर एक करा, दत्ताला तीन तोंडं द्या, ते घरातलं आहे. परक्या धर्माचं तसं नाही. बरं. मग हे 'घरातलं' किती घरातलं होतं ते बघू. बदामीच्या पहिल्या लेण्यात हरिहराची उभी मूर्ती आहे. काम सहाव्या शतकातलं; तिथल्याच तिसऱ्या लेण्यात इ.स. ५७८ चा लेख आहे. मूर्तीच्या उजव्या अंगाला जटा, डाव्या अंगाला किरीट. इकडच्या हातात परशू, तिकडच्या हातात शंख. शिवाकडे पार्वती आणि नंदी, विष्णूकडे लक्ष्मी आणि गरुड. अख्ख्या मूर्तीतून कपाळापासून पायापर्यंत एक न काढलेली रेघ जाते. दोन देव जर आधीपासून 'आपलेच' होते, तर चालुक्यांच्या पाथरवटाने ही रेघ इतकी जपून का सांभाळली? कारण दोघांचे कट्टर भक्त एकमेकांच्या देवाचं तोंड बघत नसणार. 'आपलेच' हा शब्द नंतर आला. आधी हा दगड आला.

यावर ज्याचा विश्वास नसेल त्याने नरहरी सोनाराकडे जावं. पंढरपुरात राहून विठ्ठलाकडे ढुंकून न पाहणारा हा कट्टर शैव. एका सावकाराला नवसाचा सोन्याचा करगोटा विठ्ठलाला वाहायचा होता, आणि गावात हात म्हणावा तर नरहरीचाच. तो देवळात जाईना. माप आणून द्या, म्हणाला. मापाबरहुकूम करगोटा केला तो चार बोटं आखूड पडला. वाढवला तो लांब झाला. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतः माप घ्यायला गेला. हाताला लागले ते साप, व्याघ्रचर्म, शंकराची तोंडं. पट्टी काढावी तर समोर विटेवरचा विठ्ठल. पट्टी बांधावी तर पुन्हा शंकर. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. कीर्तनात ती ऐकून आपण माना डोलावतो आणि चपला घालून घरी येतो. पण गोष्टीतला कारागीर बघा. देवाने त्याला दृष्टान्त दिला नाही, स्वप्न पाडलं नाही, उपदेश केला नाही. त्याचं माप चुकवलं. कसबी माणसाला याहून मोठा धक्का नाही. एकत्वाची ही जाणीव त्याच्या बोटांतून आली, कामातून आली. त्यासाठी त्याला भाषण ऐकावं लागलं नाही.

आता भेसळ. काकांचा हा लाडका शब्द आहे, आणि सोनाराचा विषय निघालाच आहे तर तिथेच निकाल लावू.

लहानपणी आमच्या चाळीखाली सोनाराचं दुकान होतं. शाळा सुटली की मी त्याच्या उंबऱ्यावर बसायचो. तुटलेली साखळी आली की तो दोन्ही टोकं कानशीने घासून लखलखीत करायचा. टाकणखाराचं पाणी लावायचा. मग चिमट्याने डाखाचा मोहरीएवढा तुकडा सांध्यावर ठेवायचा, आणि फुंकणीने दिव्याची ज्योत वाकवून तिथे धरायचा. गाल फुगलेले, श्वास एकसारखा. क्षणभर काहीच होत नसे. मग डाख एकदम चकाकायचा आणि पाण्यासारखा पळत सांध्यात शिरायचा. तेवढ्यात फुंकणी थांबली पाहिजे. "अजून दोन फुंका मारल्या तर साखळीचा गोळा," तो म्हणायचा. डाख सोन्याच्या आधी वितळतो. तो तसाच बनवलेला असतो. म्हणून दोन कड्या जोडल्या जातात आणि दोन्ही कड्या कड्याच राहतात. जवळून पाहिलं तर सांध्याची बारीक रेघ दिसते. चांगला सोनार ती घासून सफाईदार करतो. लपवाछपवी करत नाही.

दुधात पाणी घालणं ही भेसळ, कारण ती दिसू नये अशीच केलेली असते. हरिहराच्या मूर्तीत काय लपवलंय? जटा वितळून किरीटात गेली आहे का? परशूचा शंख झालाय का? दत्ताचा मलंग झाला तेव्हा तो मुसलमान झाला, असं गोष्ट सांगणाऱ्याने कुठे म्हटलंय? तो दत्तच आहे, म्हणून तर गोष्टीत गंमत आहे. आणि वेष मलंगाचाच आहे, म्हणून परीक्षा आहे. यातलं एक टोक काढून घ्या, गोष्ट मरते. या कलेला फरक पुसायचाच नसतो. फरक पुसला की तिला करायला काही उरत नाही. ज्यांना ही भेसळ वाटते, त्यांनी डाख कधी पाहिलेला नाही, किंवा पाहिला तेव्हा त्यांचं लक्ष फक्त वजनाच्या काट्यावर होतं.

आता तो रडका मुद्दा: नेहमी आम्हीच का?

१६०४ साली विजापूरच्या दरबारात फर्रुख हुसेन नावाच्या चित्रकाराने सरस्वती रंगवली. शुभ्र वस्त्रं, हातात वीणा, सोन्याचं आसन, मोर. त्याचा धनी दुसरा इब्राहिम आदिलशहा. 'किताब-ए-नवरस' लिहिणारा, जगद्गुरू म्हणवून घेणारा. इब्राहिमचा बाप गणपती आणि आई सरस्वती, असं त्या चित्रावरच्या अक्षरांत आहे. हे 'आम्ही' केलं का? पश्चिम बंगालच्या मेदिनीपूर भागात नया नावाचं गाव आहे. तिथले पटुआ चित्रकार धर्माने मुसलमान. ते मनसादेवी रंगवतात, दुर्गा रंगवतात, राम-सीता रंगवतात, आणि पट उलगडत त्या देवांची गाणी गातात. कितीकांची दोन-दोन नावं असतात, एक या धर्मातलं वाटावं असं, एक त्या. याच पटुआंच्या परंपरेने वाघावर बसलेला गाझी पीरही काढला. १८०० च्या सुमाराचा तसा एक पट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, चौपन्न चौकटींचा. औदार्याची मक्तेदारी आपल्याकडे आहे हा गैरसमज गोड आहे, पण गैरसमजच.

माझ्या मते या सगळ्यांत बोलकं उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे. आन्जेलो दा फोन्सेका, जन्म १९०२, गोव्यातल्या सांतिस्तेव्ह बेटावरचा. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून चित्रकलेकडे वळला, मुंबईच्या जे. जे.मध्ये गेला, तिथेही मन रमेना म्हणून शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोरांकडे. परत येऊन त्याने मारियेला साडी नेसवली. ती जमिनीवर बसते, इथल्या बाईसारखी. मागची झाडं-डोंगर इथले. गोव्यातल्या धर्मबांधवांना आणि बड्या मंडळींना हे सोसेना. मरिया युरोपियन बाईसारखीच दिसली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. ती नाझरेथची होती याचा कोणाला पत्ता नव्हता. फोन्सेका गोवा सोडून पुण्याला आला, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला, आणि तिथेच जन्मभर साडीतल्या मारिया काढत राहिला. १९६७ साली गेला. आज त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात, जपलेला आहे. ज्यांनी त्याला दूर लोटलं त्यांची नावं कोणाला आठवत नाहीत.

आता ऐका. गोव्यातले ते म्हणाले, आमच्या मारियेला हिंदू करू नका. आमचे काका म्हणाले, आमच्या दत्ताला फकीर करू नका. वाक्य तेच, कर्म बदललं. काकांचा खरा गाववाला कोण, हे मला त्या रात्री कळलं.

इथे कोणी फादर स्टीफन्सचं नाव काढेल. 'ख्रिस्तपुराण', १६१६, राशोलला छापलेलं, दहा हजारांवर ओव्या. ते धर्मप्रसारासाठी होतं की! होतं. आणि त्याच्या आधी, सोळाव्या शतकात, साष्टीतली देवळं पाडली गेली, देव रात्रीतून खाडीपलीकडे न्यावे लागले, हेही खरं. मी ते झाकत नाही. मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा आज जिथे आहेत तिथे का आहेत, हे प्रत्येकाला ठाऊक असावं. पण हेतू एवढंच कलेचं मोजमाप असेल तर कितीतरी देवळं राजांनी विजय मिरवायला बांधली, ती कुठे ठेवायची? स्टीफन्सला ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी ओवी घ्यावी लागली, वैकुंठ घ्यावं लागलं, पुराणाचा सगळा घाट घ्यावा लागला. जिंकायला आलेल्याला आधी मराठीपुढे मान लववावी लागली. त्या काळच्या गोव्याशी जोडलेल्या हस्तिदंती मूर्ती बघा: बाळ येशू मेंढपाळाच्या वेषात डोंगरावर बसलेला, डोळे मिटलेले, गालाला हात. कोरणारे हात इथले होते आणि त्या हातांना ध्यानस्थ बसणं म्हणजे काय हे माहीत होतं. पाद्र्याने मेंढपाळ मागितला. हस्तिदंतातून योगी डोकावला.

आणि गोव्यातले साधे लोक? त्यांनी तर पाद्री आणि पुरोहित दोघांनाही विचारलं नाही. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी आहेत, असं ठरवून ते मोकळे झाले. सात बहिणींतली एक सायबीण झाली. झाली तर झाली, बहीणच ती. सणाला तेल-फुलं इकडून तिकडे जातात. धर्म बदलला म्हणून माहेर तुटत नाही, हे ज्या बायांना घरच्या अनुभवाने कळलं होतं, त्यांनीच ही गोष्ट रचली असणार. याला कोणी 'एकतर्फी' म्हणत असेल, तर बहिणीच्या नात्याला किती तर्फा असतात ते त्याने सांगावं.

आता तरुणाकडे वळतो. कॅलेंडर आर्ट म्हणून नाक मुरडणं ही त्याच्या वयाची चैन आहे. मीही केली आहे. पण देव ज्या रूपात आपल्या डोळ्यांसमोर येतात ते रूप आलं कुठून? राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि देव्हाऱ्यात शिळाप्रेसवरचे देव बसले. तीन तोंडांचा, गाय आणि चार कुत्र्यांसह उभा दत्त कितीकांच्या आजीने अशाच कागदावर पाहिला आणि त्यालाच हात जोडले. शिर्डीची संगमरवरी मूर्ती बाळाजी वसंत तालीम या मुंबईच्या शिल्पकाराची, १९५४ सालची. फकिराची फाटकी कफनी इटलीच्या संगमरवरात, त्यावर सोन्याचा मुकुट. चव नाही म्हणतोस? असेल. पण फकिराची ती कफनी दगडात उतरवताना तालमांना किती विचार करावा लागला असेल, हे तुला तुझ्या प्रेझेंटेशनच्या टेम्प्लेटमधून कळायचं नाही.

सुमार कला असते, हे मी मान्य करतो. एवढी एकच गोष्ट मी या लेखात मान्य करणार आहे. आमच्या आराशीतली चार वर्तुळं सुमार आहेत. पण ती सुमार का आहेत? त्यांत फार एकत्व आहे म्हणून? नीट बघा. ॐ आपल्या वर्तुळात, चंद्रकोर आपल्या, क्रूस आपल्या, खंडा आपल्या. कोणी कोणाला शिवत नाही. कोणाचं माप कोणामुळे चुकत नाही. कोणाचा डावा पाय मागे सरकायच्या बेतात नाही. हे तर काकांचं स्वप्न आहे! प्रत्येक धर्म आपापल्या खोलीत, दाराला कडी, बाहेर पाटी. सरकारी भिंतीवरचं सर्वधर्मसमभावाचं चित्र आणि शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र, ही दोन्ही एकाच स्टेन्सिलने काढलेली आहेत. म्हणूनच तो ठराव एकमताने मंजूर झाला. दागिन्याचे चार तुकडे मखमलीवर ओळीने मांडले म्हणजे दागिना होत नाही. डाख कुठे आहे?

राहिला शेवटचा, दोघांचा मिळून असलेला मुद्दा. एवढी चित्रं, एवढ्या मूर्ती. दंगली थांबल्या का?

हा प्रश्न विचारणारा माणूस हरिपाठाने किती चोऱ्या थांबल्या, असं विचारतो का? अथर्वशीर्षाच्या किती आवर्तनांनी महागाई उतरली, असं? मग नेमकी हीच कला पोलिस चौकीच्या कामाला का जुंपता? पण प्रश्न आलाच आहे तर पळत नाही. चित्रात ताकद नसते असं म्हणणाऱ्याने रविवर्मा छापखान्याची चौऱ्याऐंशी देवतांची गाय आठवावी. एका गाईच्या पोटात चौऱ्याऐंशी देवता, म्हणजे सगळे देव एकत्र. आणि तिच्यावर तलवार उगारून धावणारा राक्षस. गोरक्षणाच्या त्या तापलेल्या काळात तो राक्षस कोण, हे बघणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नसे. तेव्हा एकत्र आणणाऱ्या प्रत्येक चित्राला मी डोळे मिटून नमस्कार करा म्हणत नाही. कोणाला जोडलंय आणि कोणाविरुद्ध जोडलंय, हे बघा म्हणतो. एकनाथ ज्या भांड्यात हात घालतो, त्या भांड्यासमोर तलवार उगारलेला कोणी नाही. तिथे घाबरलेला आहे तो एकनाथच, आणि जिंकायचं आहे ते स्वतःच्याच पायाला.

तोडणाऱ्यांना मात्र ही ताकद नीट ठाऊक असते. २०२४ साली वाराणसीतल्या देवळांतून साईबाबांच्या मूर्ती हलवण्यात आल्या. श्रीगोंद्यात शेख महंमदांच्या स्थानाला मंदिर म्हणायचं की दर्गा, यावरून वाद पेटले. ज्या माणसाने ते ठरवण्याची गरज आयुष्यभर ठेवली नाही, त्याच्या समाधीवर. निरुपद्रवी, गोड, बावळट कॅलेंडर असतं तर एवढा खटाटोप कोण करेल? कोणी पुठ्ठ्याच्या चार वर्तुळांवर कधी मोर्चा नेल्याचं मी ऐकलेलं नाही. घाव नेहमी सांध्यावर पडतो, कारण दागिना तिथेच धरलेला असतो. आमचा तरुण ज्याला हसतो त्याला तोडणारे घाबरतात. दोघांपैकी कलेची जास्त जाण कोणाला, हे सांगायला मला लाज वाटते.

म्हणून पुन्हा सांगतो, आणि आता आवाज चढवूनच सांगतो. मलंगाच्या वेषातला दत्त, अर्ध्या जटेचा हरिहर, साडीतली मारिया, विजापूरची सरस्वती, नयाच्या पटावरची मनसा: ही कोणाची भेसळ नाही, कोणाचं औदार्य नाही, कोणाची योजना नाही. ही कसबी माणसांनी केलेली कामं आहेत. त्यांनी दोन्ही टोकं घासली, माप चुकलं तेव्हा पुन्हा घेतलं, आच जेवढ्यास तेवढी ठेवली आणि वेळेवर फुंकणी थांबवली. शुद्धता राखायची म्हणून ज्यांना हे सांधे उकलायचे आहेत, त्यांनी एक लक्षात घ्यावं. डाख हाताने ओढून सुटत नाही. तो सोडवायला पुन्हा आग लावावी लागते. आणि कड्या वितळायच्या आत आग कुठे थांबवायची, हे सोनाराला कळतं. जमावाला कळत नाही.